अभय देणारे शील: गृहस्थाच्या बौद्ध नीतीचा आढावा

महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांत पंचशीलाइतके वारंवार दुसरे काही म्हटले जात असेल असे वाटत नाही. नामकरण असो, मंगलपरिणय असो, पुण्यानुमोदन असो, की विहारातली रविवारची वंदना, त्रिसरण झाले की पाठोपाठ पंचशील येतेच. प्राणिहत्या, चोरी, कामातला दुराचार, खोटे बोलणे आणि मादक पदार्थ यांपासून दूर राहण्याची ही पाच व्रते. ओठांवर इतकी रुळलेली गोष्ट नेमकी कशासाठी, हे विचारायचे मात्र बहुधा राहून जाते. तिची दोन स्पष्टीकरणे प्रचलित आहेत. एका मताने शील म्हणजे स्वतःला निर्मळ ठेवण्याची शिस्त, ध्यानाची पूर्वतयारी आणि पुण्याची जोड. दुसऱ्या मताने शील म्हणजे माणसाने माणसाशी कसे वागावे याची किमान अट. पहिले परंपरेचे आणि दुसरे बाबासाहेब आंबेडकरांनी विसाव्या शतकात आणलेले, अशी वाटणी करून अनेक जण मोकळे होतात. पाली ग्रंथ नीट पाहिले तर ही वाटणी टिकत नाही. गृहस्थाला सांगितलेल्या शीलाचे माप त्याच्या अंतःकरणाच्या स्वच्छतेपेक्षा त्याच्या आसपासच्यांच्या निर्भयतेत आहे, आणि ते माप हाती धरले की या पाच व्रतांभोवतीचे बरेच जुने वाद वेगळ्या उजेडात दिसतात.

या पाचांतली चार व्रते बुद्धाची एकट्याची नव्हेत. अहिंसा, सत्य, अस्तेय ही जैनांच्या व्रतांत आहेत, पतंजलीच्या यमांतही आहेत. धर्मानंद कोसंबींनी आपल्या ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ या पुस्तकात या साऱ्याचे मूळ जैन तीर्थंकर पार्श्वनाथांच्या चार यामांत शोधले, आणि बुद्धाचा मार्गही त्याच जमिनीतून उगवला असे मांडले. तपशिलात मतभेद होऊ शकतील, पण श्रमणांच्या त्या जगात ही व्रते सामाईक होती यात शंका नाही. मग वेगळे काय? छांदोग्य उपनिषदातली महापातक्यांची यादी शेजारी ठेवली तर ते दिसते. तिथे सोने चोरणारा, सुरा पिणारा, गुरूची शय्या भ्रष्ट करणारा आणि ब्राह्मणाला मारणारा हे चार पतित, आणि पाचवा त्यांच्याशी संबंध ठेवणारा. विषय जवळपास तेच आहेत, पण मेलेला कोण आणि चोरलेले काय यावर पाप ठरते. मनुस्मृतीने पुढे त्याचा हिशेबच मांडला: ब्रह्महत्येच्या प्रायश्चित्ताचा चौथा हिस्सा क्षत्रियवधाला, आठवा वैश्यवधाला, सोळावा शूद्रवधाला. पंचशीलात बळी कोणत्या कुळातला हा प्रश्नच येत नाही. पाचव्या शतकातल्या भाष्यकार बुद्धघोषाने हत्येच्या पापाचे तोलमाप केले, तेही मारण्यामागची तीव्रता, केलेला खटाटोप, प्राण्याचा आकार आणि मरणाऱ्याचे गुण यांवर. आजच्या वाचकाला तेही सगळे पटेल असे नाही, पण त्या तराजूत जन्म नाही.

आता हे व्रत गृहस्थाने का घ्यावे याचे कारण ग्रंथ काय देतात ते पाहू. संयुत्त निकायात वेळुद्वार नावाच्या ब्राह्मणगावाचा प्रसंग आहे. गावकरी बुद्धाला आडपडदा न ठेवता सांगतात की आम्ही मुलाबाळांच्या गराड्यात राहणारे लोक आहोत, आम्हाला चंदन हवे, फुलांच्या माळा हव्यात, सोन्याचांदीचा मोह सुटत नाही; आमच्याजोगे काही सांगा. त्यावर बुद्ध त्यांना संन्यासाकडे वळवत नाही, भीतीही घालत नाही. तो त्यांना स्वतःच्या जागी दुसऱ्याला उभे करायला लावतो. मला मरण नकोसे आहे, तर दुसऱ्यालाही ते नकोसेच असणार. माझी वस्तू कोणी उचललेली, माझ्या संसारात कोणी शिरलेले, मला कोणी फसवलेले मला चालत नाही; मग जे मला चालत नाही ते मी दुसऱ्यावर कसे लादू? चहाडी, कठोर बोलणे आणि वायफळ बडबड यांनाही हाच तर्क लावलेला आहे. शिवाय स्वतः टाळणे, दुसऱ्याला टाळायला लावणे आणि टाळण्याची वाखाणणी करणे, अशा तिन्ही अंगांनी ते वर्तन पूर्ण होते असे तिथे म्हटले आहे. अंगुत्तर निकायातले एक सुत्त त्याच्या पुढे जाते. पाच शिलांना ते पाच महादाने म्हणते, आणि दान कशाचे, तर अगणित जिवांना अभयाचे, अवैराचे. हात आखडून घेण्यालाच दान म्हणणारी ही मांडणी जितकी लक्षात राहायला हवी तितकी राहिलेली नाही.

यावर सरळ आक्षेप असा की त्याच ग्रंथांत शीलवानाला स्वर्ग, कीर्ती आणि संपत्तीची आश्वासनेही भरपूर आहेत. मग हा दुसऱ्याचा विचार म्हणजे शेवटी आपल्याच फायद्याचा व्यवहार नाही का? आश्वासने आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. अभयदानाच्या त्याच सुत्तात देणाऱ्यालाही अपरिमित अभय मिळते असे म्हटले आहे. पण क्रम बघण्यासारखा आहे. फळ मिळते ते दुसऱ्याला अभय दिल्याचे. फळासाठी अभयाचा आव आणला तर हेतूच बिघडतो, आणि हेतू हेच कर्म असे मानणाऱ्या विचारात तो व्यवहार आतबट्ट्याचा ठरतो. बुद्धाने मुलाला, राहुलाला, केलेला उपदेशही इथे साक्षीला घेता येईल. प्रत्येक कृतीच्या आधी, करताना आणि केल्यानंतर तपासायचे काय, तर यातून मला, दुसऱ्याला किंवा दोघांना इजा होते का. फक्त स्वतःची शुद्धी हवी असती तर मधला प्रश्न विचारण्याची गरज नव्हती. राजस्थानातल्या बैराट इथल्या शिलालेखात अशोकाने भिक्खूंनी, भिक्खुणींनी, उपासकांनी आणि उपासिकांनी पुन्हा पुन्हा ऐकावीत अशी सात प्रवचने नावानिशी सांगितली आहेत. त्यांत राहुलाला खोटे बोलण्याविषयी केलेला उपदेश आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या राजाला संसारी माणसांसाठी हेच प्रवचन निवडावेसे वाटले, ही नोंद साधी नाही.

पाचवे शील मात्र या तर्कात सहज बसत नाही, आणि म्हणूनच ते जास्त विचार करायला लावते. वेळुद्वारच्या प्रवचनात दारूचा उल्लेख नाही. असणार तरी कसा? मी एकटा घरात बसून प्यालो तर समोरच्याच्या जागी उभे राहून मला काय नकोसे वाटेल? भिक्खूंच्या नियमांतही दारूचे स्थान खालचे आहे. मनुष्यहत्या आणि चोरी यांनी भिक्खू संघातून कायमचा बाद होतो. दारू पिणे हा पाचित्तिय, म्हणजे कबुली देऊन फिटणारा दोष. तो नियम आला कसा याची विनयातली कथा गमतीची आहे. सागत नावाच्या भिक्खूने एका भयंकर नागाला नमवले. कोसंबी नगरातल्या लोकांनी कौतुकाने घरोघरी त्याला मद्य पाजले, आणि तो नगराच्या वेशीवर कोसळला. नागाला भारी पडलेला हा माणूस आता पाणसापालाही आवरू शकेल का, असा प्रश्न बुद्ध तिथे विचारतो. दारूचा दोष इथे पावित्र्यभंगाचा नाही, भान सुटण्याचा आहे. म्हणजे पाचवे व्रत पहिल्या चारांचे राखणदार आहे. जैनांनी आणि योगसूत्राने पाचव्या जागी अपरिग्रह ठेवला, बौद्धांनी मद्य ठेवले, याचे मला वाटणारे कारण हेच: संसारी माणसाला संचय सोडायला सांगून उपयोग नव्हता, शुद्ध सोडू नकोस एवढे सांगता येत होते. आणि अभयाचे माप लावले तर घरात एकट्याने पिणारा खरोखर एकटा नसतोच. नवरा संध्याकाळी कोणत्या पावलांनी येतो यावर ज्या घरातल्या बाईची आणि मुलांची रात्र ठरते, त्या घराला पाचव्या शिलाचा सामाजिक अर्थ समजावून सांगावा लागत नाही. व्हिएतनामी भिक्खू थिक न्हाट हान्ह यांनी या शिलाची व्याप्ती मनाला विषारी ठरणाऱ्या करमणुकीपर्यंत वाढवली. ती वाढ काहींना ओढूनताणून वाटते; पण भान राखणे हा गाभा मानला तर ती बाहेरची नाही.

संसारी माणसाच्या वर्तनाचा सर्वांत भरीव ग्रंथ म्हणजे दीघ निकायातले सिगालोवाद सुत्त. राजगृहाजवळ सिगाल नावाचा तरुण ओलेत्याने सहा दिशांना नमस्कार करतो आहे. वडिलांनी मरताना सांगितले म्हणून. बुद्ध त्याला नमस्कार सोडायला लावत नाही, दिशा बदलून देतो. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण गुरू, पश्चिम पत्नी आणि मुले, उत्तर मित्र, वरची दिशा श्रमण-ब्राह्मण आणि खालची घरातले दास व कामकरी. दर दिशेला दोन्ही बाजूंची कर्तव्ये आहेत. मालकाने कामकऱ्याला ताकदीप्रमाणे काम द्यावे, जेवण आणि वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, घरात काही विशेष आले तर त्यातला वाटा द्यावा, वेळेवर सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या समाजात दासप्रथा उठवण्याची भाषा इथे नाही, हे स्पष्ट म्हणायला हवे. पण कामकऱ्याच्या आजारपणाची आणि विश्रांतीची गणना उपासनेत करणे ही भलतीच मोठी उडी होती. अशोकाचा नववा शिलालेख याच सुरात बोलतो: लग्न, जन्म, प्रवास यांच्या निमित्ताने लोक नाना मंगलविधी करतात, त्यांतले बरेचसे क्षुद्र असतात, दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम हा खरा फळ देणारा विधी. या लेखाचा तुकडा सोपारा परिसरात 1956 मध्ये मिळाला. आठव्या लेखाचा तुकडा भगवानलाल इंद्रजी यांना तिथेच 1882 मध्ये सापडला होता. म्हणजे कोकण किनाऱ्यावरच्या या बंदरात ये-जा करणाऱ्यांसमोर घरगड्याशी कसे वागावे हे राजाने दगडावर कोरून ठेवले होते. महाराष्ट्रातल्या बौद्ध विवाहविधीत वधूवरांकडून घेतली जाणारी परस्परकर्तव्यांची वचने सिगालाच्या सुत्तातलीच आहेत. त्यांत पतीने पत्नीचा मान राखावा, तिचा अवमान करू नये आणि घरातला अधिकार तिच्या हाती द्यावा, असे आहे. ही वचने मंडपात टाळ्यांच्या गजरात म्हटली जातात आणि पुढे त्यांचा अधिकाराविषयीचा भाग सोयीने विसरला जातो, हा दोष सुत्ताचा नव्हे.

तिसऱ्या शिलाचा दोष मात्र काही अंशी ग्रंथाचाच आहे. कोणत्या स्त्रीशी संबंध हा दुराचार, याची मज्झिम निकायातली यादी आई, बाप, भाऊ, बहीण, नातेवाईक यांच्या रक्षणाखालच्या, विवाहित आणि वाग्दत्त अशा स्त्रियांची आहे. पुरुषाला उद्देशून सांगितलेली आणि स्त्रीला कोणाच्या तरी ताब्यात गृहीत धरणारी ही यादी आहे. स्त्रीवादी अभ्यासकांनी त्यावर बोट ठेवले ते योग्यच. तिचे समर्थन करत बसण्यापेक्षा वेळुद्वारचा तर्क तिच्यावर चालवावा. समोरच्या व्यक्तीच्या जागी उभे राहायचे तर ती व्यक्ती कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न गळून पडतो आणि तिला हे हवे आहे का, हा उरतो. त्या न्यायाने विवाहातली जबरदस्ती दुराचार ठरते, यादीत ती नसली तरी. यादी एका काळाची आहे आणि तर्क त्या काळाच्या पुढे जाणारा आहे; दोहोंत विरोध आला तर तर्क धरावा, हे सांगायला बौद्ध परंपरेबाहेर जावे लागत नाही. चौथ्या शिलाबाबत ग्रंथ जास्त काटेकोर आहेत. अभय राजकुमाराला दिलेल्या उत्तरात बुद्ध असत्य बोलण्याची कोणतीच सवलत ठेवत नाही, ऐकणाऱ्याला ते कितीही गोड लागो. आणि सत्य असले तरी ते हिताचे आहे का आणि वेळ योग्य आहे का हे पाहून मगच बोलावे, असे सांगतो. फटकळपणाला प्रामाणिकपणा म्हणवून घेणाऱ्यांची यात सोय नाही.

पहिल्या शिलावरचा नेहमीचा वाद मांसाहाराचा. भिक्खूसाठी जीवक सुत्ताचा नियम असा की आपल्यासाठी प्राणी मारला हे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली तर ते मांस घेऊ नये, एरवी घ्यावे. मांसाहार सरसकट बंद करण्याची भिक्खू देवदत्ताची मागणी बुद्धाने नाकारली. उलट लंकावतार सूत्रासारखे महायान ग्रंथ मांसाला कडक विरोध करतात, आणि चिनी विहारांनी शाकाहार पक्का केला. तिबेटात भाजीपाला दुर्मीळ, तिथले भिक्खू मांस खातात. कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्या काळच्या मांसाहाराची चर्चा केली तेव्हा महाराष्ट्रात मोठे वादळ उठले होते, आणि त्यात बौद्धांपेक्षा इतरांच्या भावना जास्त दुखावल्या होत्या. बाबासाहेबांनी ‘द बुद्धा अँड हिज धम्मा’ या 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला, आणि अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, असे म्हटले. त्यावर टीका अशी की यातून प्रत्येकाला आपापली ‘गरज’ शोधायची मुभा मिळते. धोका खरा आहे. पण बुद्धघोषाच्या विश्लेषणातही हत्या पुरी व्हायला प्राणी असणे, तो प्राणी आहे याची जाण, मारण्याचा हेतू, प्रयत्न आणि मृत्यू ही पाच अंगे लागतात. हेतूला मध्यभागी ठेवणारा विचार यांत्रिक नियम होऊच शकत नाही. स्वतः अशोक हिशेबाने चालला: राजाच्या स्वयंपाकघरात रोज लाखोंनी प्राणी मारले जात, ते दोन मोर आणि एक हरिण एवढ्यावर आले, हरिणही नेहमी नाही, आणि पुढे तेही थांबवण्याचे वचन पहिल्या शिलालेखात आहे. शिलाकडे टप्प्याटप्प्याने जाता येते, हे इतक्या स्पष्टपणे कबूल करणारा दुसरा राजा सापडणे कठीण.

सर्वांत वजनदार आक्षेप डावीकडून येतो. माणसे चोरी करतात, मारामारी करतात, पितात, ती परिस्थितीने. त्यांना शील शिकवणे म्हणजे अन्यायी व्यवस्थेला हात न लावता बळीलाच सुधारायला लावणे. आश्चर्य म्हणजे हा आक्षेप पाली ग्रंथांना ठाऊक आहे. दीघ निकायातल्या चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात एक राजा बाकी सगळे नीट करतो, फक्त निर्धनांना धन देत नाही. दारिद्र्य वाढते, त्यातून चोरी, चोरीला देहदंड, दंड पाहून शस्त्रे, शस्त्रांनी हत्या, मग खोटे बोलणे. माणसाचे आयुष्य ऐंशी हजार वर्षांवरून घसरत दहा वर्षांवर येते. शिलांच्या ऱ्हासाची सुरुवात राजाच्या चुकीने, आणि ती चूक आर्थिक. कूटदंत सुत्तातला पुरोहित राजाला बजावतो की लुटारूंना ठार करून लूट थांबणार नाही. शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला वेतन दे. अर्थात हे राजाला सांगितलेले आहे, प्रजेने हक्काने मागावे असे कुठे म्हटलेले नाही. ती उणीव 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात भरून निघाली. महास्थवीर चंद्रमणी यांनी बाबासाहेबांना त्रिसरण-पंचशील दिले आणि मग बाबासाहेबांनी जनसमुदायाला बावीस प्रतिज्ञा दिल्या. चोरी, असत्य, व्यभिचार, दारू यांविरुद्धच्या प्रतिज्ञा त्यांत आहेतच, पण त्यांच्या आधी सर्व माणसे समान आहेत हे मानण्याची आणि समता स्थापण्यासाठी झटण्याची प्रतिज्ञा आहे. धर्मात राजकारण आणले अशी टीका तेव्हापासून होते. माझ्या मते क्रम अचूक होता. शील म्हणजे दुसऱ्याला अभय देणे असेल, तर ज्या समाजात विहिरीवर पाणी भरायला जाण्याचीच भीती वाटते तिथे समता ही शिलाची पहिली अट ठरते. एकट्या माणसाला धम्माची गरज नाही, दोन माणसे एकत्र आली की ती सुरू होते, हे त्यांच्या ग्रंथातले प्रतिपादन याच वाटेवरचे.

आक्षेप इतिहासाचाही आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. पंचशील शतकानुशतके म्हणणाऱ्या देशांत काय घडले? श्रीलंकेच्या महावंसात दुट्ठगामणी राजा युद्धातल्या संहाराने व्याकूळ होतो तेव्हा अर्हत त्याला धीर देतात की तुझ्या हातून मेली ती दीडच माणसे, एक पंचशील घेतलेला आणि एक नुसता शरण गेलेला. बाकीचे पशूंच्या बरोबरीचे. म्यानमारमध्ये 2017 च्या ऑगस्टपासून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथल्या एका ख्यातनाम भिक्खूने लष्करी अधिकाऱ्यांपुढच्या प्रवचनात हीच कथा सांगितली. शील माणसाला क्रौर्यापासून वाचवू शकत नाही, असा निष्कर्ष यातून काढता येईल. मला त्याहून नेमके काही दिसते. महावंसाच्या त्या कथेत शील हे दुसऱ्याला द्यायची वस्तू न राहता माणूसपणाचा दाखला झाले. ज्याच्याकडे दाखला नाही त्याला मारले तर मोजायचे नाही. अभय कोणाला, याची यादी बनली की पंचशील छांदोग्याच्या आणि मनूच्या हिशेबाकडे परत जाते, आणि स्वतःला शुद्ध मानत राहण्याची सोय मात्र शिल्लक राहते. शिलाला निव्वळ आत्मशुद्धी मानण्यातला खरा धोका हा आहे.

रोजच्या जगण्यात आज सर्वांत अवघड प्रश्न उपजीविकेचा आणि खरेदीचा झाला आहे. अंगुत्तर निकाय उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगतो: शस्त्रे, जिवंत प्राणी व माणसे, मांस, मद्य आणि विष. यादी विकणाऱ्यासाठी आहे, घेणाऱ्याविषयी ती गप्प आहे, कारण तेव्हाच्या बाजारात माल कुठून आला हे बहुधा समोर दिसत असे. आता कीटकनाशक फवारणारा मजूर, कापड शिवणारी कामगार, भंगारातले मोबाइल फोडणारे पोर घेणाऱ्याच्या नजरेपासून शेकडो कोस दूर आहेत. जीवक सुत्ताचा नियम इथे कामी येतो. पाहिले नाही आणि ऐकले नाही, हे दोन दरवाजे वर्तमानपत्रांनी केव्हाच बंद केले आहेत. तिसरा, शंका, उघडाच आहे. आणि भिक्खूला पात्रातल्या मांसाची शंका आली तर त्याने ते घेऊ नये असा स्पष्ट नियम आहे. गृहस्थाला इतके कडक बंधन घालता येणार नाही, पण चौकशी करण्याचे, स्वस्ताईचे कारण विचारण्याचे आणि आपल्या संस्थेच्या, विहाराच्या, लग्नकार्याच्या खरेदीत ती चौकशी लागू करण्याचे बंधन घालता येईल. सिगालाची खालची दिशा, कामकऱ्यांची, आता त्याच्या घराच्या उंबरठ्याशी संपत नाही.